साडेचार पॉइंट

सेतुबालला, नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे,
सार्डिन डबाबंद करायच्या जुन्या कारखान्यात
आमचा छापखाना आहे.
हवा दमट झाली की भिंती अजून मासळीच्या गोष्टी काढतात.
मी तिथे लेबलं छापतो. अकरा वर्षं झाली.
बाळांचा शाम्पू, तेल, पावडर, ओले रुमाल.
पुढच्या बाजूला झोपलेलं बाळ आणि एक हिरवं पान,
पाठीमागे साडेचार पॉइंटमध्ये
आत जे काही आहे ते.

त्याहून बारीक केलं तर ‘ए’चं पोट शाईने भरतं.
मला त्या शब्दांबद्दल एवढंच ठाऊक होतं.
फिनॉक्सिइथेनॉल ओळीच्या टोकाला आला की तोडावा लागतो.
एकवीस अक्षरांचा तो एक,
त्यातलं एखादं अक्षर नवी पोरं हमखास खातात.
आणि ‘सुगंध’. छोटासा, गुणी,
त्याने कधी कुणाला त्रास दिला नाही.

मग बेनेदिता झाली.

तिसऱ्या महिन्यात तिच्या गुडघ्यांच्या मागे, जांघेत
लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, येतात, जातात.
औषधवाल्या दोना इलीदियाने
फळीवरून बाटली काढून पुढ्यात ठेवली:
हीच न्या, सगळे हीच नेतात.
मी आधी कड बघितली.
लेबल अर्धा मिलिमीटर डावीकडे गेलं होतं.
सवय.

त्या रात्री कामावरचं भिंग खिशातून घरी आलं.
न्हाणीघरात टबाच्या काठावर बसलो
आणि आयुष्यभर टपाल वाटणाऱ्याने
एके दिवशी पाकीट फोडावं, तसा वाचायला लागलो.
आतून ग्रासिएतने विचारलं, काय लिहिलंय?
पाणी, मी म्हणालो.
पहिला शब्द पाणीच असतो.
मग?
मग मी गप्प. उच्चार येत नव्हते.
बोटांना येत होते, जिभेला नाही.

‘सुगंध’पाशी जास्त वेळ अडलो.
एका नावाने दार वाजतं,
दाराबाहेर किती जण उभे आहेत कोण जाणे,
आणि आपण मूल कडेवर घेऊन कडी काढतो.

चौकशीचा नंबर पाठ होता,
त्यातल्या सातावरून एकदा बोलणी खाल्ली होती.
फोन लावला. बराच वेळ पियानो.
मग एक मुलगी, आवाज मऊ:
आमची सर्व उत्पादनं नियमांत बसतात, साहेब.
मी म्हणालो, माझी मुलगी तुमच्या नियमांत बसते का ते विचारतोय.
तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.
तिला काय बोलणार,
तिच्यापुढेही कुणीतरी छापलेला कागद असणार.

ग्रासिएतने बाटली फेकली नाही,
फरशी पुसायच्या सामानात ठेवली.
बेनेदिताला कोमट पाणी आणि जुनं सुती फडकं.
टाळू हलकेच धडधडते,
तिथे हात फिरवताना मी श्वास धरतो,
हाताला शाईचा वास असतो
आणि शाईत काय असतं
तेही मी कधी विचारलेलं नाही.

चट्टे गेले. कशाने, सांगता येत नाही.
कदाचित येतात, जातात, तसेच.

एप्रिलमध्ये नवी फाइल आली.
तेच बाळ, तेच पान. पाठीमागे
एकवीस अक्षरांचा तो नव्हता.
जागासुद्धा रिकामी नव्हती,
मागचे शब्द पुढे सरकून बसले होते,
रांगेतला एखादा पडल्यावर लोक सरकतात तसे.
पुढे पिवळी चांदणी: आता आणखी सौम्य.

आणखी म्हणजे कशापेक्षा, मी वाल्देमिरोला विचारलं.
तो म्हणाला, सोमवारपर्यंत ऐंशी हजार.

जुनी प्लेट भंगारात टाकायची असते.
मी ती प्रकाशात धरली. उलटी अक्षरं,
आरशात वाचावीत अशी. किती हजार वेळा
हा शब्द माझ्या हाताखालून गेला असेल,
किती जांघांत, किती मानेच्या वळ्यांत,
आणि तो का काढला
हे साडेचार पॉइंटमध्येही कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग नवा नमुना भिंगाखाली घेतला,
वरपासून खालपर्यंत तपासला,
मंजुरीच्या चौकोनात सही केली.
अक्षरं सगळी बरोबर होती.