सर, मीठ खातं, शिरोडे

तीन महिने तो सर होता
आणि त्याला ठाऊक नव्हतं.

थोरला भाऊ मार्चात घोड्यावरून पडून मेला,
तिकडे, धुक्यातल्या कुठल्याशा परगण्यात.
पदवी त्याच घटकेला धाकट्यावर आली,
पत्र मात्र आगबोटीनं, मग पडावानं,
वाट चुकून कारवारला जाऊन परत.
तोवर थॉर्नलोसायब शिरोड्याच्या आगरात
घोटाभर चिखलात उभा राहून
मिठाच्या राशींवर लाकडी शिक्के उठवत होता,
आणि माझा पणजा रवळू, खात्याचा शिपाई,
मागे छत्री धरून.
ऊन तिरकं, म्हणून सावली
दोघांना सोडून कुंपणावर.

पत्र रवळूनंच आणून दिलं.
राशींवर झापं घालायची घाई चाललेली.
सायबानं दोनदा वाचलं, घडी घातली,
म्हणाला, "अजून सहा राशी राहिल्यात."

केणी कारकुनानं संध्याकाळी उलगडून सांगितलं:
बॅरोनेट म्हणजे राजा नव्हे, सरदारही नव्हे,
बापाकडून थोरल्याकडे, थोरल्याकडून त्याच्या थोरल्याकडे,
थोरला निपुत्रिक मेला तर धाकट्याकडे.
पोरींना त्यात वाटा नाही.
"म्हंजे खोतीच," रवळू म्हणाला.
केणी म्हणाला, "हो. पण भात येत नाही."

पोरी चार. ऑगस्टा, मेरियन, कॉन्स्टन्स,
आणि शेंडेफळाच्या आधीची, जिला सगळे पिप म्हणत.
चौघी आगऱ्यांच्या पोरांत वाढलेल्या,
मालवणीत भांडायच्या, इंग्रजीत रडायच्या.
आणि लायनल, चार वर्षांचा,
बांधावर बसून मीठ चाटणारा.
त्या पत्रानंतर त्याला एकट्यालाच
बेळगावहून बूट शिवून आले.
उद्याचा सर अनवाणी कसा चालेल?
पिपनं ते एकदा विहिरीत टाकले.
रवळूनं गळ टाकून काढले.

भाद्रपदात ताप आला.
सायबानं विलायतेला लिहिलं, वारस गेला.
मेमसायबानं काहीच लिहिलं नाही.

रवळूची बहीण आवडू त्यांच्याकडे आया होती.
तिनंच कधीतरी मेमसायबाला सांगितलेलं
आरवलीच्या वेतोबाचं:
लोक त्याला वहाणा वाहतात, पावलांहून कितीतरी थोर,
तो रात्री गावाची राखण करत फिरतो,
आणि वहाणांचे तळवे झिजतात.
मेमसायबानं एका सकाळी बूट तिच्या हातात दिले.
पाद्र्याला सांगू नकोस, एवढंच म्हणाली.

महिन्यानं विचारलं, झिजले?

आवडूला खोटं बोलता आलं असतं.
त्या प्रचंड वहाणांच्या रांगेत
दोन वितभर बूट, कोरे,
एका नाडीला मुंग्या लागलेल्या.
"नाय, बाय. तसेच असत."
मेमसायब खिडकीकडे वळली.
आवडू दारापर्यंत गेली, परत आली.
"त्येका देवान कडेर घेतल्यान असतला."

सायब पुढे अकरा वर्षं राहिला,
रोज सही करताना नावाआधी सर घालायला विसरत,
आणि केणी ते मागाहून बारीक अक्षरात भरत.
नंतर ती पदवी कुणा चुलत्याकडे गेली
की पहिल्या पाण्यातल्या राशीसारखी विरघळली,
आमच्याकडे नोंद नाही.
आमच्याकडे आहे एक शिक्का, उलट्या अक्षरांचा;
लहानपणी आम्ही तो ओल्या वाळूवर उठवायचो
आणि वाळू सरकारजमा करायचो.

मिठाच्या सत्याग्रहानंतरच्या वर्षी
एक पाकीट आलं, रवळूच्या नावे.
रवळू नव्हता. आजोबांनी उघडलं.
खाली सही पिपची, वर एकच प्रश्न,
बूट अजून तिथं आहेत का,
आणि तो मालवणीत, रोमन अक्षरांत,
इतका चुकीचा लिहिलेला
की मोठ्यानं वाचल्यावरच कळला.

आजोबांनी काय कळवलं ते कुणाला ठाऊक नाही.
रजिस्टरची पावती तेवढी आहे.
आणि आरवलीच्या पुजाऱ्यांच्या घरातली आठवण,
की शिरोड्याहून एक म्हातारा आला होता,
वहाणा न वाहता
दुपारभर त्यांचे तळवे उलटून बघत बसला.