आधी खालनं

नागाळा पार्कात शिरगुप्प्यांच्या जांभळाखाली
अब्बा तासभर नुसते बसतात.
चहा येतो, निवतो, साय धरतो.
शिरगुप्पे वहिनी दोनदा गॅलरीत येऊन जातात:
कामाचा माणूस बोलावलाय, की पाहुणा?

मी दोराचा गुंता सोडवते.
काथ्याचा नाही आता, नायलॉनचा, हिरवा,
शाहूपुरीतल्या दुकानातून उधारीवर आणलेला.
गाठ मात्र अब्बांच्या अब्बांची.

झाड साठीचं असेल.
खाली पांढरी गाडी. तिच्या टपावर
जांभळे डाग, बिया, पोपटांची उष्टी.
"सगळं उतरवून टाका," साहेब म्हणतात,
"दोन वर्षं वर बघायला नको."
अब्बा मान हलवतात.
त्या हलण्याला हो म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे,
साहेबांना नाही.

मग चढतात. सत्तावन्नाव्या वर्षी, अनवाणी,
कमरेला करवत.
वाळक्या दिसणाऱ्या फांदीला नख लावतात.
आत हिरवं. सोडतात.
पुढे दोन फांद्या एकमेकींना घासून सोललेल्या,
त्यातली कुठली, यात पुन्हा वेळ जातो.
"बारकी ऱ्हाऊ दे. थोरलीनं लई ऊन खाल्लंय."

"आधी खालनं!" वरून ओरडतात, मला शिकवायला.
"खालनं तिसरा हिस्सा. न्हाईतर पडताना
साल सोलून न्हेती पार खोडापातूर."
मग वरून कापतात. फांदी माझ्या दोरात येते,
आणि क्षणभर कळत नाही
मी तिला धरलंय की तिनं मला.
उरलेला खुंटही खोडाला घासून नाही,
मानेशी सुरकुत्यांची वळी असते, तिच्या बाहेर.
"ती वळी त्याची हाय.
जखम झाकायचं कापड त्याच्यापाशीच असतंय,
आपण घिऊन जायाचं न्हाई."

एकूण चार फांद्या.
टेम्पोचा तळसुद्धा झाकला नाही.
साहेबांनी अर्धेच पैसे दिले.
अब्बांनी मोजले नाहीत. मी मोजले.

पंचमीच्या आदल्या रात्री फोन आला.
जिच्यापाशी अब्बा सगळ्यात जास्त रेंगाळले होते,
हात लावून, कान लावून, "ऱ्हाऊ दे" म्हणून उतरले होते,
तीच पडली. गाडीची पुढची काच गेली.
सकाळी सायकलवरून गेले, मी मागे बसून.
मोडल्या जागी बोट घातलं:
आत भुसा, मुंग्या, ओल.
"चुकलं माझं," म्हणाले.
वाऱ्याचं नाव घेतलं नाही, झाडाचंही नाही.
काचेचे पैसे पाच हप्त्यांत द्यायचे ठरले.
तिसरा अजून द्यायचाय.

मला वाटलं, आता करवत मोकळी सुटेल.
कोण हप्ते भरणार दर पावसाळ्यात?
परवा कसबा बावड्यात एका चिंचेखाली
पुन्हा बसले. चहा. साय.
तासाच्या जागी दीड तास,
बदल झाला तो एवढाच.
आणि करवत माझ्या हातात दिली.

वरून अब्बा लहान दिसतात.
टोपी, खांदे, मनगटाला दोराचा एक वेढा.
मी पहिल्या फांदीला नख लावलं. हिरवं.
दुसरीला कान लावला.
काहीच ऐकू आलं नाही, म्हणजे काय, ते विचारावं
म्हणून खाली बघितलं.
ते माझ्याकडे बघत नव्हते,
दोराकडे बघत होते.

पुन्हा कान लावला.