डिंक

आई फोनवर म्हणाली, म्हणजे दलालीच ना गं?
कोळशाच्या दलालीत हात काळे.
म्हटलं, आई, दुबईत कोळसा नाही, काच आहे.
काचेवर नुसते ठसे उमटतात,
आणि ते पुसायला सकाळी सकाळी
कुणीतरी दोरावर लटकत असतो.

एक्स्चेंजच्या खिडकीमागे बसून अकरा वर्षं
मी दुसऱ्यांचे पगार त्यांच्या गावी पाठवले.
आता परीक्षा पास झालेय.
पण ब्रोकरचं कार्ड सुटं मिळत नाही,
आधी कुणाचं तरी व्हावं लागतं.
फोटो माझा, नाव त्यांचं.
जुन्या व्हिसाचे एकोणीस दिवस उरलेत.

बिझनेस बे. एकोणतिसावा मजला.
नदीनने खाली कालव्याचं पाणी दाखवलं
जणू तेही पॅकेजमध्ये आहे.
पन्नास टक्के तुझे. लीड आम्ही देऊ. व्हिसा आठवड्यात.
सौदा झाला की ही पितळी घंटा वाजवायची,
सगळे उठून टाळ्या देतात.
देवळातली घंटा आत येणारा वाजवतो.
इथून बाहेर पडणाऱ्यासाठी काय वाजतं,
ते विचारायचं राहिलं.

टेबल दिलं ते खिडकीपाशीच.
कोपऱ्यात बोटाला चिकट लागलं काहीतरी.
नावाची पट्टी सोललेली,
तिच्याखाली आणखी एकीचा डिंक,
त्याखालीही.
नखाने खरवडलं तर ‘मारि’ एवढंच वाचता आलं.
मारिया असेल. मारिसेल असेल.
कॉफी घेऊन आलेल्या हिमालला हळूच विचारलं.
म्हणाला, दीदी, कुणाला किती साखर ते लक्षात आहे,
नावं नाही राहिली.

शंभर टक्के देतो म्हणणाराही एक भेटला.
त्याला ऑफिस नव्हतं.
मॉलमध्ये बसून तासभर स्वातंत्र्यावर बोलला,
कॉफीचे पैसे मी दिले.

मग देरा.
दोरखंडाच्या दुकानावरचा अरुंद जिना,
वर इस्माईल पांगारकर, मूळ श्रीवर्धनचे,
एसी चालू असताना पंखाही लावून बसलेले.
समोर कुणा भाडेकरूच्या गळक्या नळाचा फोटो,
आणि प्लंबरशी चाललेली हुज्जत.
फोन ठेवून म्हणाले, साठ देईन.
भाड्याचीच कामं जास्त, विक्री कधीमधी.
तीन महिने हातात काही पडणार नाही.
गाठीला आहे काही?

हे नदीनने विचारलं नव्हतं.

मग मीही विचारलं, तुम्हाला सोडून कोण गेलं?
का गेलं?
त्यांनी चष्मा चढवला, वहीतून एक नंबर काढला.
तिलाच विचार. वाईटच सांगेल माझ्याबद्दल.
ते नीट ऐक.

ती गाडी चालवत होती. मागे लहान मूल रडत होतं.
म्हणाली, म्हातारा चिक्कू आहे, जाहिरातीला दमडी सोडत नाही.
गिऱ्हाईक दारात उभं, आणि हा आत गिझर तपासतोय.
बंगला बांधायचा असेल तर जाऊ नकोस.
आणि तुझे पैसे?
सिग्नल लागला असावा, मूल गप्प झालं.
दिले, म्हणाली. उशिरा दिले. सगळे दिले.

रात्री अल नहदाच्या खोलीत, वरच्या बंकवर,
पडदा ओढून मी पुन्हा हिशेब मांडला.
पन्नास, साठ, शंभर, एकोणीस.
आणि हसू आलं:
उद्यापासून मी लोकांना सांगणार
या घरात उजेड कसा येतो,
आणि माझ्या घराला पडद्याची भिंत,
भिंतीपलीकडे जोसलिनचं घोरणं.

सकाळी देराचा जिना चढले.
पांगारकरांनी रिकामं टेबल दाखवलं,
त्यावरचे नकाशे स्वतःच उचलले,
व्हिसाच्या कागदांसाठी टायपिंगवाल्याला हाक मारली.
बसल्या बसल्या मी कोपरा चाचपला,
लागलीच म्हणायची सवय.

डिंक होता.
एकाच पट्टीचा.