फुटकी लादी

माहुलच्या बर्फ कारखान्यात माझी रात्रपाळी.
वहीत लाद्या मोजायच्या: किती भरल्या, किती गेल्या,
किती फुटल्या.
फुटकी लादी बंदरावर कुणी घेत नाही.
पास्कू तिला आकडा लावतो, फरफटत नेतो
आणि मागच्या डबक्यात ढकलून देतो.

डबकं म्हणजे जुन्या मिठागराचा उरलेला एक खण.
त्यात पास्कूची पाच बदकं, पांढरी,
उरणच्या बाजारातून पाटीत घालून आणलेली.
त्यांच्या सात पिढ्यांनी थंडी पाहिली नसेल.

जानेवारीत मात्र एखादी पहाट अशी येते
की रिफायनरीची ज्योतसुद्धा आपली वाटते
आणि वॉचमन कानटोपीतून म्हणतो,
"ही कसली थंडी, आमच्या गावाला या."

त्या पहाटे सात लाद्या फुटल्या.
कॅनचं बूड गंजलंय, हे मालकाला दिवाळीपासून सांगतोय.
सात लाद्या, धप्, धप्, एकामागून एक,
आणि वाऱ्याने सगळ्या लोटल्या एका कोपऱ्यात.
नेमक्या बदकांच्या.

पहिलं बदक चढलं. पाय टेकला
आणि उचलला, तव्यावरून बोट उचलावं तसा.
दुसरा टेकला. तोही उचलला.
मग दोन्ही एकदम उचलायचा विचार केला असावा,
कारण ते घसरत गेलं या टोकापासून त्या टोकापर्यंत,
छाती पुढे, मान ताठ,
जणू हेच ठरवून आलं होतं.
बाकीच्यांनी काठावरून जो आवाज काढला
त्याला हसणं म्हणू नये.

हळूहळू पाचही शिकली:
एक पाय पोटाच्या पिसांत, एक बर्फावर,
मग अदलाबदल.
मी मोजू लागलो, हाताची सवय.
म्हातारी साठपर्यंत टिकायची. बाकीची वीस, फार तर पंचवीस.

सहावं तेव्हा दिसलं.
तपकिरी, थापीसारखी चोच, कुणाच्याच मालकीचं नाही.
"थापट्या," पास्कू म्हणाला. "तिकडं वर तळी गोठली की येतात."
म्हणजे ज्याच्यापासून हे एवढं लांब उडून आलं
ते आम्ही इथं वीज जाळून बनवतो,
आणि फुटलं की त्याच्या पुढ्यात टाकतो.
मला थोडी लाज वाटली.
कशाची, ते नीट सांगता येणार नाही.

ते बर्फावर चढलं नाही.
दोन लाद्यांच्या फटीत शिरलं आणि गोल फिरत राहिलं,
सावकाश, न थांबता,
साय धरू नये म्हणून दूध हलवत राहावं तसं.
इथलं पाणी गोठत नाही, हे त्याला कोण सांगणार?
की माहीत होतं, आणि तरी पाय ऐकत नव्हते?

पास्कूने हातमोजा काढला.
त्याच्या उजव्या अंगठ्याला एकोणीस वर्षं काही कळत नाही,
नव्या पोरांना तो सुई टोचून दाखवतो.
"बदकाच्या पायाला थंडी सोसायची सोय असते," म्हणाला.
"आपल्याला दिलीच नाही."

उन्हं चढली. लाद्या पाटाएवढ्या झाल्या, मग विटेएवढ्या.
पाळी कधीच संपली होती, मी घरी गेलो नव्हतो.
म्हातारीने पाय बदलला, आणि खाली लादी नव्हतीच.
जरा दचकली. मग पोहू लागली.

वहीत लिहिलं: फुटक्या, सात.
शेजारी शेऱ्याचा रकाना. तिथं पेन टेकवून बसलो,
शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत.
खिडकीतून दिसत होतं,
बर्फ संपला होता
आणि थापट्या अजून फिरतच होता.