दारामागे काही बांधलेलं नव्हतं

ताम्पेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस मिटतो,
म्हणून तर आम्ही हा खेळ शिकलो.
सतरा वर्षं, दर गुरुवारी, माझ्या स्वयंपाकघरात.
गोष्ट मी चालवायची, बाकीच्यांनी तिच्यात शिरायचं.
मेणकापडावर पेनानं आखलेल्या चौकटी,
मीठदाणी म्हणजे किल्ल्याचा बुरूज,
ओस्मोच्या कोटाचं तुटलेलं बटण म्हणजे
त्या रात्री जो कोणी मरायचा असेल तो.

बटण शेकडो वेळा मेलं.
एकदा ते राजा होतं, आणि कुणीच हसलं नाही.

मग ओस्मो इनारीला गेला, बायकोच्या गावी,
याल्मारीला रात्रपाळ्या लागल्या,
आणि टेबल पडद्यावर आलं.
आधी सपाट. घारीनं वरून पाहावा तसा नकाशा.
चालत होतं. कुरकुरत का होईना, चालत होतं.

ते तीन मितींचं याल्मारीनंच आणलं.
"बघ राइली, मशालीची सावलीसुद्धा हलते."
हलत होती खरी.
मी एक पूल बांधला. बावीस रात्री.
दगडांवर शेवाळ, कठड्याला तडे,
खाली पाणी, पाण्यात चंद्राचे तुकडे.
पूर्वी हाच पूल मी एका वाक्यात बांधला असता
आणि कॉफी ओतता ओतता पाडलाही असता.

गुरुवारी सगळे पुलापाशी आले.
तूलेवी म्हणाली, मी पूल ओलांडत नाही.
ती कडेची झोपडी आहे ना, तिचं दार वाजवते.
मी म्हटलं, ते दार नुसतं रंगवलेलं आहे.
"म्हणजे?"
म्हणजे दारामागे काही बांधलेलं नाही.

चार खिडक्यांत चार चेहरे, गप्प.
सतरा वर्षांत असं दार आमच्याकडे नव्हतं.
स्वयंपाकघरात कुठलंही दार वाजवा,
आत कोणीतरी असायचंच:
एखादी चेटकीण, दमलेला करवसुल्या, आजारी रेनडिअर,
ऐनवेळी माझ्या तोंडून निघालेलं,
मलाही तोवर न भेटलेलं.

त्याच रात्री मी सगळ्यांना लिहिणार होते
की बंद करू हे. डोळ्यांना सगळं वाढून ठेवलं
की मन पानावरून उपाशी उठतं,
असलं काहीतरी. वाक्य जमलं होतं.

तेवढ्यात तूलेवीचा फोन.
"तुला कधी बोलले नाही," ती म्हणाली,
"मी डोळे मिटले की काहीच दिसत नाही.
मला वाटायचं, कुणालाच दिसत नसणार.
तू म्हणायचीस बुरूज, मी मीठदाणी बघायचे.
तू म्हणायचीस राजा, मी बटण.
तुम्ही श्वास रोखलात की मीही रोखायचे,
तुमच्याकडे बघून.
आज पाणी होतं, राइली.
ते हलत होतं.
दार वाजवलं ते त्यासाठीच,
वाटलं, आतलंही दिसेल."

जमलेलं वाक्य मी पुसून टाकलं.
दुसरं काही सुचलं नाही.

पुढच्या गुरुवारी ओस्मोचा म्हातारा लॅपटॉप
पंखा घरघरवत पुलावरच गतप्राण झाला.
शेवटी फोनवरून आवाज तेवढा येत राहिला, तुटक, उत्तरेकडून:
"माझ्यासमोर नुसता करडा चौकोन आहे.
कोणीतरी सांगा ना, काय दिसतंय?"

मी सवयीनं तोंड उघडलं,
पण तूलेवी आधीच बोलायला लागली होती.
चाचपडत, शाळेत वाचून दाखवतात तशी.
"पाणी आहे. काळं. वाहतंय.
कठड्याला तीन तडे आहेत.
मधल्यातून गवत उगवलंय, लांब, चिवट..."

गवत मी लावलं नव्हतं.
अगदी जवळ जाऊन पाहिलं.
दगड होता, तडा होता. गवत नव्हतं.

"मग मी त्या गवताला धरून खाली उतरतो,"
ओस्मो म्हणाला.

फासा टाक, मी म्हटलं.