रफू

सान तादेओत, पाराना नदीच्या काठी,
गव्हर्नराचा कोट आहे काचेच्या कपाटात:
काळा, लोकरी, डाव्या खिशापाशी भोक.
ओतिलिया रोज काच पुसते.
तिकीट स्वस्त, शाळेच्या पोरांना फुकट.

शेजारी दोन वर्तमानपत्रं, कोऱ्या चहाच्या रंगाची.
'ला वेर्दाद' म्हणतं: तीन गोळ्या, भर पावसात,
शेवटचा शब्द 'प्रजासत्ताक'.
'एल एको' म्हणतं: एकच गोळी, ऊन कडक,
आणि साहेब एवढंच म्हणाले, 'अरे, माझी टोपी.'
त्याच पानावर, तळाशी:
खेचर हरवलंय, कपाळावर पांढरा ठिपका,
आणून देणाऱ्यास बक्षीस.
पोरं तेवढंच वाचतात. विचारतात, सापडलं का?

मारणारा 'एल एको'तच खिळे जुळवायचा.
त्याचं नाव छापायची वेळ आली तेव्हा
शेजारच्या मेजावरच्यानं एक अक्षर मुद्दाम चुकवलं
की हातच थरथरला, कोण जाणे.
त्या नावाचं घराणं गावात कधी नव्हतंच.

आणि एक गोष्ट ओतिलियानं कुणाला सांगितलेली नाही.
शताब्दीच्या आदल्या वर्षी कोटाला कसर लागली.
संचालक म्हणाले, भोकं बुजव, पाहुणे येतायत.
दिव्याखाली बसून तिनं सहा बुजवली,
इतकं बारीक रफू की बोटालाही कळू नये.
सातव्यापाशी दोरा संपला.

तेच आता लाल बाणानं दाखवतात.
पोरं काचेला नाक लावतात, वाफ धरते.
ती पुसते.