जर-तरचा तास

कॅन्टीनच्या वरच्या खोलीत, कूलर आणि फळा यांच्यामध्ये
सव्वीस माणसं बसतात,
पहिल्या पाळीतून सुटलेली,
भुवयांवर मिलची काळी भुकटी तशीच.
जालन्याचा मे. कूलरमधलं पाणीसुद्धा टँकरचं.

कंपनीनं मला चाळीस वाक्यं दिली आहेत.
कागद लॅमिनेट केलेला, म्हणजे त्यात काही लिहायचं नाही.
गुड मॉर्निंग सर.
मटेरियल हॅज अराइव्ड सर.
सॉरी सर, इट विल नॉट हॅपन अगेन.
रोज एक. एक्केचाळिसाव्या दिवशी ऑडिटर येणार
आणि कुणालाही उभं करणार.

पहिल्याच दिवशी कचरू म्हणाला होता,
गोऱ्ह्यालाबी शिकवतेतच की, मॅडम.
जू ठिवलं मानंवर की झालं.
सगळे हसले. मीही.

तेवीस वर्षं मी परतूरला शाळेत इंग्रजी शिकवलं.
तिथं पोरं चुकायची, चुकत चुकत कुठंतरी निघायची.
इथं चूक नसते. वाक्य पाठ असतं किंवा नसतं.
म्हणताना माणसं हात मांडीला चिकटवतात
आणि माझ्याकडं नाही,
माझ्या मागच्या भिंतीकडं बघतात.

एकोणिसावं वाक्य:
द ॲक्सिडेंट हॅपन्ड ड्यू टू ऑपरेटर्स मिस्टेक.
सव्वीस जणांनी म्हटलं.
नाही, पंचवीस जणांनी.

मुंजाजी खंदारे मागं बसतो.
उजव्या हाताला चार बोटं;
पाचवं मार्चमध्ये कन्व्हेअरच्या चेनमध्ये गेलं.
आता डाव्या हातानं लिहितो, अक्षरं कलंडलेली.
तो उठला नाही. बसूनच म्हणाला,
मॅडम, असं कसं म्हणावं,
जाळी बसवली असती, तर बोट ऱ्हायलं असतं?

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.
चाळीस वाक्यांत एकही जर नव्हता.
तर कुठून असणार.

कामून पाहिजे, मी विचारलं.
रजिस्टरमधी लिव्हायचंय. तिथं मराठी चालत नाही म्हणले.

मग मी फळा पुसला.
इफ लिहिलं. हॅड. वुड हॅव.
जे झालंच नाही त्याचं व्याकरण.
शाळेत याला दोन मार्क, हुशार पोरंसुद्धा ऑप्शनला टाकायची.
इथं कुणी टाकलं नाही.
अझीम म्हणाला, इफ अब्बा हॅड नॉट फॉलन सिक,
आय वुड हॅव... आणि गावाचं नाव घेतलं, क्रियापद नाहीच.
कचरू म्हणाला, इफ आय हॅड पास्ड टेन्थ,
आणि थांबला.
पुढचं अर्धं त्याच्याकडं इंग्रजीत नव्हतं
की कुठल्याच भाषेत नव्हतं,
मी विचारलं नाही.
कूलर बंद पडला तेही उशिरा कळलं.

दाराशी दहिफळे साहेब उभे होते, एचआरचे.
मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही, ते सौम्यपणे म्हणाले.
आपल्याकडं शिक्षण नाही, प्रशिक्षण आहे.
मी व्याकरणाची बाई.
प्र लावला की अर्थ वाढतो, असं मीच शिकवत आले.
जिना उतरताना मोजत होते,
नेमकं काय वाढलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर रजिस्टर उघडंच होतं.
कलंडलेली अक्षरं, रेघ सोडून वर गेलेली:
इफ गार्ड हॅड बीन पुट, फिंगर वुड हॅव स्टे.
स्टेचा ईडी राहिला होता.
लाल पेन पर्समध्ये होतं.
मी पर्स उघडली नाही.

विसावं वाक्य त्या दिवशी
अर्धा तास उशिरा सुरू झालं.